‘रूल’ या क्रियापदाची आखणी

बडोद्याच्या मराठी घरांतील मुले आता बहुतेक गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी घरात बोलण्यापुरती वापरतात, त्यामुळे इंग्रजी मजकूर मराठीत उतरवण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो. दांडिया बाजारात आम्ही काही जण चालवत असलेल्या लहानशा अनुवाद-वर्गात मी एकदा वृत्तपत्रात रोज दिसणारे एक वाक्य फळ्यावर लिहिले: ‘द कोर्ट विल रूल ऑन द पिटिशन ऑन मंडे.’ एका हुशार मुलीने त्याचे मराठी केले, ‘न्यायालय सोमवारी याचिकेवर राज्य करील.’ वर्गात हशा पिकला, पण त्या मुलीने कोशाशी इमान राखले होते हे मान्य करावे लागेल, कारण शाळकरी कोशात ‘रूल’ पुढे पहिला अर्थ ‘राज्य करणे’ असाच छापलेला असतो आणि बहुतेकांचे वाचन त्या पहिल्या अर्थाशीच थांबते. हे क्रियापद राजवाड्यात, न्यायालयात, दवाखान्यात, क्रिकेटच्या मैदानात आणि धान्यबाजारात वेगवेगळ्या कामाला लावले जाते, आणि त्या सगळ्या ठिकाणी ‘राज्य करणे’ ही एकच किल्ली चालवू पाहणाऱ्याचे कुलूप उघडत नाही.

या शब्दाचा उगम एका सरळ काठीत आहे. लॅटिन भाषेत ‘रेगुला’ म्हणजे सरळ पट्टी किंवा दांडी, जी लाकडाच्या कडेला लावली की कड सरळ आहे की वाकडी हे कळते. ‘रेगेरे’ हे तिच्या घरातले क्रियापद, म्हणजे सरळ नेणे, दिशा देणे, आणि त्यावरून सत्ता चालवणे. ‘रेगुला’ जुन्या फ्रेंचमधून घासून-पुसून इंग्रजीत पोहोचली तेव्हा तिचे ‘रूल’ झाले. संस्कृतमधील ‘ऋजु’, म्हणजे सरळ, हा शब्दही त्याच आदिम धातूच्या कुळातला मानतात, आणि लॅटिन ‘रेक्स’ व संस्कृत ‘राजन्’ ही जोडी तर भाषाशास्त्राच्या पहिल्या धड्यातली आहे. ‘रेग्युलर’ आणि ‘रेग्युलेट’ ही ‘रूल’ची भावंडे चेहऱ्यावरून ओळखू येतात. ‘रेल’ मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तोही शब्द ‘रेगुला’वरूनच, लोखंडी दांडी या अर्थाच्या फ्रेंच शब्दामार्गे आला आहे.

मराठी वाचकाला येथे ‘रूळ’ आठवल्याशिवाय राहणार नाही. जुन्या कचेऱ्यांत कारकुनाच्या मेजावर रेघा मारण्यासाठी जो गोल लाकडी दांडा असे त्याला रूळ म्हणत, आगगाडी ज्यांच्यावरून धावते त्या लोखंडी पट्ट्याही रूळ, आणि हवालदाराच्या हातातला आखूड दांडाही रूळच. रेघ, मार्ग आणि धाक हे तिन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दाखाली आणून ठेवले आहेत. ‘रूल’ या इंग्रजी क्रियापदाचा सगळा प्रवासही नेमका या तीन ठिकाणांमधला आहे, म्हणून वर्गात मी आता कोश बाजूला ठेवून आधी रुळाची गोष्ट सांगतो.

सरळ काठीवरून नियमाकडे आणि नियमावरून सत्तेकडे जाणारी ही वाट फक्त लॅटिननेच तुडवलेली नाही. ग्रीक भाषेत ‘कानोन’ म्हणजे सरळ दांडी, मोजपट्टी. तो शब्द अरबीत गेला, तेथे त्याचे ‘कानून’ झाले, आणि फारसीच्या संगतीने तो आपल्याकडे आला. आपण ‘कायदेकानू’ म्हणतो तेव्हा त्यातल्या ‘कानू’मध्ये ती ग्रीक मोजपट्टी दडलेली असते. ‘नॉर्मल’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘नॉर्मा’, म्हणजे सुताराचा गुण्या आहे. आपल्या ‘सूत्र’ शब्दाकडेही या दृष्टीने पाहावे. सूत्र म्हणजे दोरा, रेघ धरण्यासाठी ताणलेली दोरी, मग थोडक्यात बांधलेला नियम, आणि अखेरीस ‘कारभाराची सूत्रे हाती घेतली’ या वाक्यातली सत्ता. ‘दंड’ हीदेखील काठीच आहे, आणि कौटिल्याच्या मापनपद्धतीत दंड हे लांबीचे मापही आहे, पण राज्यशास्त्रात शिरताना आपण तिची मोजण्याची बाजू मागे ठेवली आणि मारण्याची बाजू पुढे केली, म्हणून ‘दंडनीती’ म्हणजे राज्यशास्त्र आणि ‘दंड’ म्हणजे शिक्षा. इंग्रजीतील ‘डिव्हाइड अँड रूल’ मराठीत ‘फोडा आणि झोडा’ होते तेव्हाही काठी तीच असते, फक्त ती कागदावरून पाठीवर आलेली असते.

‘रूल’चा मुळातला, काठीचा अर्थ आजही जिवंत आहे. ‘टु रूल अ लाइन’ म्हणजे पट्टी लावून रेघ मारणे, ‘रूल्ड पेपर’ म्हणजे रेघी कागद, आणि हिशेबाच्या वहीत बेरीज संपल्यावर खाली रेघ मारून खाते बंद करणे म्हणजे ‘रूल ऑफ’ करणे. या अर्थाला मराठीत ‘आखणे’ हे नेमके क्रियापद आहे. आमच्याकडे गुजराती शाळेत पट्टीला ‘आंकणी’ म्हणतात, त्यामुळे बडोद्याच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आखीव कागदापासून धोरण आखण्यापर्यंत आणि मर्यादा आखून देण्यापर्यंत आपले ‘आखणे’ही ‘रूल’प्रमाणेच कागदावरून कारभारात गेले आहे. फरक इतकाच की आपण आखून देतो आणि थांबतो. आखलेली रेघ दुसऱ्याकडून पाळून घेण्याची जबरदस्ती त्या क्रियापदात उतरलेली नाही, आणि इंग्रजी ‘रूल’मध्ये ती पूर्णपणे उतरली आहे.

आता राजवाड्याकडे वळू, कारण गोंधळ खरा तेथे आहे. राज्यकर्त्याविषयी बोलताना इंग्रजी तीन क्रियापदे वेगळी ठेवते: ‘रेन’, ‘रूल’ आणि ‘गव्हर्न’. मराठीत तिन्हींना आपण सरसकट ‘राज्य करणे’ म्हणतो आणि मग इतिहासाची वाक्ये एकमेकांत मिसळून जातात. हा भेद समजून घेण्यासाठी लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही. १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले. रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रज प्रतिनिधी, फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या आयोगात मतभेद झाले होते, त्यामुळे सरकारने तो आरोप बाजूला ठेवून गैरवर्तन आणि ढळढळीत गैरकारभार, म्हणजे ‘मिसगव्हर्नमेंट’, हे कारण पुढे केले. त्यानंतर २७ मे १८७५ रोजी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेऊन सयाजीराव या नावाने गादीवर बसवण्यात आले. तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्या दिवसापासून त्यांचे ‘रेन’ सुरू झाले, कारण ‘रेन’ म्हणजे गादीवर असणे, छत्र डोक्यावर असणे. पण राज्याचा गाडा हाकत होते दिवाण सर टी. माधवराव, तंजावरच्या परंपरेतल्या मराठी घराण्यातले, ज्यांनी आधी त्रावणकोर आणि इंदूर येथे दिवाणगिरी केली होती. त्यांचे काम ‘गव्हर्न’ या क्रियापदाचे. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले, आणि ‘सयाजीराव रूल्ड बरोडा’ हे वाक्य काटेकोरपणे बोलायचे तर त्या दिवसापासून खरे ठरते. कोशकाराला एवढा काटेकोरपणा परवडतो, इतिहासकाराला नेहमीच परवडतो असे नाही, त्यामुळे ‘रूल्ड फ्रॉम १८७५ टु १९३९’ असेही सर्रास छापलेले आढळते आणि ते चूक म्हणून खोडून काढण्याचा आग्रह मी धरणार नाही.

व्याकरण येथे अर्थाला मदत करते. ‘रेन’ या क्रियापदाला थेट कर्म लागत नाही. राणी एलिझाबेथ दुसऱ्या १९५२ पासून २०२२ पर्यंत ‘रेन’ करत होत्या असे म्हणता येते, पण त्यांनी देशाला ‘रेन’ केले असे कुणी लिहीत नाही, लिहिलेच तर मध्ये ‘ओव्हर’ घालतात. ‘रूल’ला कर्म चालते आणि ‘ओव्हर’ही चालते, मात्र ‘रूल ओव्हर’मध्ये वरून खाली पाहण्याचा सूर थोडा अधिक लागतो. ‘गव्हर्न’ला कर्म असतेच, आणि त्या कर्मात खाती, कर, रस्ते, शाळा असा कारभाराचा पसारा गृहीत असतो. राजा राज्य करतो पण शासन करत नाही, अशी जी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच घोषणा इंग्रजीतही रूढ झाली, तिच्यात पहिले क्रियापद ‘रेन’ आणि दुसरे ‘गव्हर्न’ आहे. मराठीत ती घोषणा जशीच्या तशी उतरवली तर वाचक बुचकळ्यात पडतो, आणि ‘राजा गादीवर असतो, कारभार पाहत नाही’ असे म्हटले तर लगेच कळते. माझ्या मते रेनसाठी ‘गादीवर असणे’, रूलसाठी ‘राज्य करणे’ आणि गव्हर्नसाठी ‘कारभार चालवणे’ ही वाटणी मराठी लेखकांनी पक्की करून टाकावी.

‘गव्हर्न’चे मूळ ग्रीकांच्या जहाजात आहे, जहाजाचे सुकाणू धरणे या अर्थाच्या क्रियापदावरून ते लॅटिनमध्ये आणि मग इंग्रजीत आले. आपल्याकडे कारभार ‘हाकला’ जातो, म्हणजे आपली कल्पना बैलगाडीची. १८६२ मध्ये बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली तेव्हा आरंभी ती बैलांनीच ओढली होती. रूळ आणि हाकणे ही दोन्ही रूपके प्रत्यक्षात एकाच ठिकाणी आली असतील तर ती बहुधा तेथेच.

कारभारातील शब्दांचा हा गुंता सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न बडोद्यातच झाला आहे. सयाजीरावांच्या आज्ञेने राज्यकारभारातील संज्ञांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश तयार झाला आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी संज्ञेपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली या भाषांतील प्रतिशब्द मांडलेले आहेत. एका इंग्रजी शब्दासमोर सात भाषा शेजारी शेजारी ठेवल्या की प्रत्येक भाषेने सत्तेची कल्पना कोणत्या वस्तूवरून उचलली हे आपोआप दिसू लागते. नावातले ‘शासन’ही विचार करण्यासारखे आहे. ‘शास्’ या धातूत शिकवणे, वळण लावणे आणि शिक्षा करणे हे तिन्ही अर्थ आहेत. त्याच धातूपासून शास्त्र आले, शिष्य आला आणि शासनही आले. सत्तेच्या मुळाशी काठीऐवजी गुरुजी असणारा हा शब्द आहे, अर्थात आमच्या पिढीच्या गुरुजींच्या हातात काठीही असे.

न्यायालयातील ‘रूल’ म्हणजे वादाच्या मुद्द्यावर अधिकाराने निर्णय देणे. ‘रूल ऑन’ म्हणजे अमुक मुद्द्यावर निर्णय देणे, ‘रूल दॅट’ म्हणजे अमुक आहे असा निर्वाळा देणे, ‘रूल फॉर’ किंवा ‘इन फेव्हर ऑफ’ म्हणजे बाजूने आणि ‘रूल अगेन्स्ट’ म्हणजे विरोधात. यांपेक्षा उपयुक्त रचना आणखी एक आहे, ज्यात क्रियापदानंतर कर्म आणि त्यानंतर विशेषण येते: ‘द कोर्ट रूल्ड द ऑर्डर इल्लीगल.’ येथे मराठीतील ‘ठरवणे’ हे क्रियापद अगदी चपखल बसते. न्यायालयाने आदेश बेकायदा ठरवला, उमेदवाराला अपात्र ठरवले, मत बाद ठरवले. मूळ काठीशीही हे जुळते, कारण पट्टी लावून पाहिली आणि कड वाकडी ठरली, असाच तो व्यवहार आहे. त्या मुलीच्या वाक्याचे आम्ही शेवटी ‘न्यायालय सोमवारी याचिकेवर निर्णय देईल’ असे केले. ‘निकाल देईल’ मुद्दाम टाळले, कारण न्यायाधीश सुनावणीच्या मध्येच, एखादा पुरावा स्वीकारावा की नाही एवढ्यापुरतेही ‘रूल’ करू शकतात आणि त्याने खटला निकालात निघत नाही.

वृत्तपत्रांत ‘ओव्हररूल’ या शब्दाचे हाल याहून जास्त होतात. साक्षीच्या वेळी वकिलाने घेतलेली हरकत न्यायाधीश ‘ओव्हररूल’ करतात, म्हणजे फेटाळतात. वरच्या न्यायालयाने आपल्यासमोरील अपिलात खालच्या न्यायालयाचा निकाल फिरवला तर त्याला ‘रिव्हर्स’ किंवा ‘सेट असाइड’ म्हणतात. ‘ओव्हररूल’ तेव्हा होते जेव्हा एखाद्या जुन्या, वेगळ्याच खटल्यातील कायद्याचे तत्त्व यापुढे ग्राह्य नाही असे वरचे किंवा मोठे न्यायपीठ सांगते. ‘रिव्हर्स’मध्ये पक्षकाराचे नशीब बदलते, ‘ओव्हररूल’मध्ये कायदा बदलतो आणि जुन्या खटल्यातील पक्षकाराचा निकाल सामान्यतः तसाच राहतो. मराठी बातमीत दोन्हींसाठी ‘निकाल रद्द’ असे लिहिले जाते, आणि वाचणाऱ्याला काय झाले ते कळत नाही.

उच्च न्यायालयात प्रकरण असलेल्या लोकांना आणखी एक ‘रूल’ भेटतो, तो नाम आहे पण अडवणूक करतो म्हणून येथे सांगतो. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले, तरी मुंबई आणि गुजरात या दोन्ही उच्च न्यायालयांत एक जुनी इंग्रजी पद्धत सारखीच टिकून आहे. याचिकेत प्रथमदर्शनी दम दिसला की न्यायालय ‘रूल’ काढते. त्याचे पूर्ण नाव ‘रूल निसी’; ‘निसी’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘नसेल तर’. समोरच्या पक्षाने पुरेसे कारण दाखवले नाही तर मागितलेला आदेश कायम होईल, असा त्याचा आशय. पुढे याचिका मान्य झाली तर ‘रूल ॲब्सोल्यूट’ आणि फेटाळली गेली तर ‘रूल डिस्चार्ज्ड’ असे लिहितात. आमच्या शेजारचे एक वयस्कर काका आदेशाच्या कागदावर ‘रूल’ हा एकच शब्द पाहून खटला जिंकल्याचे पेढे वाटून आले होते. त्यांना दरवाजा फक्त उघडला होता, आत जायचे बाकी होते.

दवाखान्यातला ‘रूल आउट’ मात्र माणसाला घाबरवून सोडतो. डॉक्टर तपासणीच्या चिठ्ठीवर ‘रूल आउट टीबी’ किंवा ‘रूल आउट डेंग्यू’ असे लिहितात आणि घरचे लोक रोगाचे नाव वाचून हादरतात, किंवा उलट, ‘आउट’ वाचून रोग नाही असे समजून निश्चिंत होतात. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ‘रूल आउट’ म्हणजे पुराव्याच्या आधारे एखादी शक्यता रेघेबाहेर काढणे, आणि चिठ्ठीवर ते आज्ञार्थी असते: ही शक्यता आहे की नाही ते तपासून पाहा आणि नसेल तर यादीतून काढा. म्हणजे डॉक्टरांनी रोग आहे असेही म्हटलेले नसते आणि नाही असेही म्हटलेले नसते. अहवाल आल्यावर ते ‘टीबी इज रूल्ड आउट’ म्हणतात तेव्हा मात्र ती शक्यता निकालात निघालेली असते. शक्यता पक्की होण्याला वैद्यकात ‘रूल इन’ म्हणतात. एका चाचणीने रोग नाही हे खात्रीने कळते पण आहे हे कळत नाही, आणि दुसरीचे नेमके उलटे असते. ‘रूल आउट’ आणि ‘रूल इन’ हे दोन शब्द वेगळे ठेवण्याचे कारण हेच आहे.

बातम्यांतील ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे घासून गुळगुळीत झालेले वाक्य ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’चे मराठी आहे. अर्थ बरोबर आहे, पण इतक्या वेळा वाचले आहे की घातपाताची शक्यता नाकारता येत नाही म्हणजे घातपातच झाला असावा असे लोक समजतात. मूळ इंग्रजीत तसा इशारा नाही. ती फक्त अद्याप खोडली न गेलेली नोंद आहे. क्रिकेटमध्येही डोळे उघडे ठेवावेत. फलंदाज ‘रूल्ड रन आउट’ झाला म्हणजे पंचांनी त्याला धावबाद ठरवले, आणि तोच फलंदाज ‘रूल्ड आउट’ झाला म्हणजे बहुधा दुखापतीमुळे तो सामन्यात खेळणारच नाही.

उरलेले उपयोग थोडक्यात. जुन्या इंग्रजीत ‘बी रूल्ड बाय मी’ म्हणजे ‘माझे ऐक’, त्यात राज्याचा संबंध नाही. तरुणांच्या तोंडी एखादा खेळाडू किंवा गायक ‘रूल्स’ म्हणजे तो एकदम भारी आहे. आणि ‘रूल द रूस्ट’ म्हणजे घरात किंवा कचेरीत आपलेच म्हणणे खरे करणे. या शेवटच्या अर्थाला मराठीत आपण सत्तेचे कोणतेही क्रियापद वापरत नाही; ‘त्या घरात आजींचे चालते’ असे म्हणतो. इंग्रजी वाक्यात आजी कर्ता होऊन राज्य करते. मराठीत आजी जागची हलत नाही, तिचा शब्द चालतो.

बाजारातही ‘चालणे’च उपयोगी पडते. व्यापारी इंग्रजीत ‘प्राइसेस रूल्ड फर्म’ असे लिहितात, म्हणजे भाव टिकून राहिले, आणि ‘रूलिंग प्राइस’ म्हणजे त्या दिवशी बाजारात लागू असलेला दर. येथे ‘रूल’ला कुणी राजा नाही, पंच नाही, न्यायाधीश नाही; भावच इतरांना आपल्या रेघेत ठेवतो. हाथीखान्याच्या धान्यबाजारातील मराठी मुनीमजी मुंबईच्या पत्रातील ‘रूलिंग रेट’ या शब्दांपुढे कोश न उघडता ‘चालू भाव’ असे लिहून मोकळे होत.